शेजारच्या सीटवरून

६ फेब्रुवारी

ठोंब्या,

बाबांनी ठेवलेलं हे नाव वाचताच तू पत्र फाडशील हे माहीत आहे, म्हणून पहिल्याच ओळीत घातलं. फाडायचं असेल तर आत्ताच फाड, उगाच दोन पानं वाचून मग फाडू नकोस. तुझा पत्ता आत्याकडून काढला. 'माझं नाव सांगायचं नाही' अशी शपथ घालूनच तिनं तो दिला. बघ, सांगितलं. काय करणार? फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढं समाधी. पत्राचं बरं असतं, समोरच्यानं वाचूनही उत्तर दिलं नाही हे कळत नाही. तेवढीच माझी अब्रू शाबूत.

तातडीचं काही नाही. बाबा ठीक आहेत. जेवतात, झोपतात, वर्तमानपत्र वाचतात आणि प्रत्येक पानावर कुणाला तरी शिव्या देतात, म्हणजे प्रकृती उत्तमच म्हणायची. फक्त परवा दाढी करायला समोरच्या सलूनमध्ये गेले आणि परत यायला जरा उशीर झाला. न्हावी त्यांना हाताला धरून घेऊन आला.

"ताई, मास्तर दुकानातून निघाले ते उलट्या बाजूला. मला वाटलं, कुणाकडं निघाले असतील. गिऱ्हाईक उरकून बघतो तर चौकात उभे."

"चौकात काय करत होते?"

"एका टेम्पोवाल्याला थांबवून दिवसाढवळ्या हेडलाइट का चालू आहे म्हणून झापत होते. तो बिचारा 'सॉरी मास्तर' म्हणत होता. त्यालाही मास्तरांनीच शिकवलं असणार."

सलूनच्या खुर्चीत बसलं की आरशात आपलं दार दिसतं, हे तुला आठवत असेल. म्हणजे रस्ता चुकायला मध्ये रस्ता म्हणावा असा काही नव्हताच.

मग उगाच खात्री असावी म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, घरून इथं कुठल्या रस्त्यानं आलात?" बाबा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मला रस्ता विचारता? तुमच्या वडिलांना गाडी मी शिकवली. चढावर तिसरा गिअर टाकायचे आणि गाडी बंद पडली की पेट्रोलला नावं ठेवायचे." डॉक्टर खो खो हसले, म्हणाले, "अजूनही ठेवतात." पण रस्त्याचं उत्तर काही मिळालं नाही, आणि थोड्या वेळानं डॉक्टरांचं हसू मावळलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, डोक्यात एक कोपरा असतो, आपण कुठं आहोत आणि कुठून कुठं जायचं याचं भान तो ठेवतो. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा आधी त्याच कोपऱ्यातला दिवा जातो. जुन्या गोष्टी, हातापायांच्या सवयी बराच काळ टिकतात.

मी म्हटलं, अहो, हा माणूस आयुष्यभर गावाला रस्ते दाखवत होता. ते म्हणाले, आजार बायोडेटा बघून येत नाही.

तुला बोलावत नाहीये. उद्या 'मला कुणी कळवलंच नाही' म्हणायची सोय तुझ्याकडं राहू नये, म्हणून कळवलं.

ताई


२ मार्च

ठोंब्या,

तुझं पाकीट मिळालं. इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून मी चहा करून घेतला, चष्मा पुसला, खुर्ची ओढून बसले आणि पाकीट उघडलं. आत गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका. तुझ्या घराजवळची वृद्धांची संस्था. वर तुझ्या अक्षरात एक ओळ: 'इथं सोय चांगली आहे, विचार कर.' चहा मात्र चांगला झाला होता.

पुस्तिका वाचली. एवढे हसणारे म्हातारे मी एका जागी कधी पाहिलेले नाहीत. फोटो काढणारा घसरून पडला असावा. आतला व्हरांडा म्हणे गोल आहे, कुणी कितीही चालत राहिलं तरी फिरून जिथल्या तिथं. याला ते 'विशेष रचना' म्हणतात. आमच्या विमा कंपनीत याला कामकाज म्हणतात. मी तिथं तक्रारीच्या खिडकीवर बसते, त्यामुळं गोल फिरवून जिथल्या तिथं आणण्यातलं मला थोडंफार कळतं.

आता खरं सांगते. सलूनची गोष्ट पहिली नव्हती. त्याआधीही दोनतीनदा झालं होतं आणि मी ते 'बाबा फिरायला गेले होते' या सदरात टाकलं होतं. हल्ली तर घरातही होतं. मागच्या आठवड्यात ते सामानाच्या खोलीत सापडले, डब्यांकडे तोंड करून शांतपणे उभे. म्हटलं, "बाबा, इथं काय करताय?" म्हणाले, "पुढची गाडी हलेना. हॉर्न मारून उपयोग नाही." मी डब्यांची माफी मागितली आणि त्यांना रिव्हर्समध्ये बाहेर काढलं.

म्हणून मी युक्ती केली. माणूस जन्मभर पाट्या बघत जगला, त्याला पाट्यांनीच सांभाळू. न्हाणीघराकडे बाण, झोपायच्या खोलीकडे बाण, आणि त्यांनी एकटं बाहेर पडू नये म्हणून मुख्य दाराला आतून लाल अष्टकोनी 'थांबा'. बाबा दारापाशी आले आणि पाटी बघून थबकले. मला वाटलं, जिंकले मी. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं, आणि रस्ता मोकळा आहे अशी खात्री करून निघून गेले. 'थांबा' म्हणजे थांबा, बघा आणि मग जा, हे त्या माणसानं मला स्वतः शिकवलं होतं, आणि मी त्यालाच ही पाटी दाखवत होते!

मग लाल गोलात पांढरी पट्टी, 'प्रवेश बंद'. ही मात्र लागू पडली. दारापर्यंत यायचे, हं म्हणायचे, माघारी वळायचे. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. शनिवारी त्यांना हात धरून फिरवून आणलं, तर त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाईंनी झाडताना दार सताड उघडं टाकलेलं. आपलं दार बाहेर उघडतं. पूर्ण उघडलं की पाटी थेट रस्त्याकडे तोंड करते. बाबा पायरीशी थांबले.

"इथून जाता येणार नाही."

"बाबा, आपलं घर आहे."

"घर असेल नाहीतर राजवाडा असेल. पाटी दिसत नाही? दंड कोण भरणार, तुझा बाप?"

मी म्हटलं, "हो."

वरच्या काकू गॅलरीतून सगळं बघत होत्याच. त्यांना दुसरं काम नाही आणि असतं तरी त्यांनी केलं नसतं. "अगं, मागच्या दारानं ने त्यांना!" म्हणाल्या. नेलं. आपल्याच घरात चोरासारखे शिरलो. आत आल्यावर बाबांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट ठेवल्या, आणि पाहुण्याच्या आवाजात विचारलं, "घर कुणाचं म्हणायचं हे?"

तुझी बाजू मला पाठ आहे. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसानं परीक्षेच्या दिवशी, रांगेतल्या सगळ्यांसमोर, परीक्षकाला जाऊन सांगितलं, "साहेब, या माझ्या मुलाला पास करू नका. उजवं वळण घेताना हा डोळे मिटतो." लोक हसले, तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. बाबांची बाजू मला ठाऊक नाही, कारण ती त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आई विचारून विचारून गेली. तिला पोचवायला आलास तेव्हाही तू त्यांच्याशी एक शब्द न बोलता परतलास. लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आपलं घर क्लचवरून मोडलं. कुणाला सांगितलं तर त्यांना वाटतं, मी खरं कारण लपवतेय.

पुस्तिका परत पाठवतेय. त्यांना घर कुणाचं ते कळत नसेल, पण घराला ते कळतात. इथून हलवणार नाही.

ताई


१९ एप्रिल

ठोंब्या,

तू काहीच उत्तर दिलं नाहीस, त्याबद्दल आभार. निदान पुस्तिका तरी आली नाही.

एक गोष्ट सांगायचीय, आणि ऑफिसात सांगितली तर लोक मला बाबांच्या शेजारच्या खाटेवर भरती करतील.

सोमवारी घरी आले तर टीव्ही चालू, समोर सांभाळणाऱ्या बाई घोरतायत आणि बाबा नाहीत. पाटी मी त्या शनिवारीच काढून टाकली होती. सलून बघितलं, चौक बघितला, कापडाच्या दुकानाची गल्ली बघितली. न्हावी एका बाजूला पळाला, मी दुसऱ्या. शेवटी पेट्रोल पंपाच्या पलीकडं, टायरमध्ये हवा भरतात तिथं सापडले, एका अनोळखी गाडीच्या टपावर हात ठेवून उभे.

"बाबा, घरी चला."

"कुठल्या घरी?"

मी हात धरून ओढलं. त्यांनी झटकला. "बाई, हात सोडा. लोक बघतायत." मला बाई म्हणाले. हवा भरणारा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता, जणू मी म्हातारी माणसं पळवून नेणाऱ्या टोळीतली आहे. मी खचले रे. तिथंच फुटपाथच्या कडेला बसले आणि म्हटलं, त्यांना नव्हे, कुणालाच नव्हे, "आता मी कुठं जाऊ?"

आणि बाबा ताठ झाले. तू तो आवाज विसरला नसशील. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याचा नाही, तो गाडीतला आवाज.

"आधी सरळ बस. आरसा बघितलास? न बघताच निघालीस? हं. आता पहिला. क्लच हळू सोड. घाई कुणाला आहे?"

मी उठले. ते माझ्या शेजारी आले, जिथं त्यांची सीट असायची त्या बाजूला. शिकवायच्या त्या दोन ब्रेकच्या गाडीत जसे बसायचे तसेच चालत होते, अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं माझ्या पायांवर. "पुढं डावीकडे. इशारा दे." मी हात बाहेर काढला. समोरून येणाऱ्या एका गृहस्थानं मला नमस्कार केला, मीही केला. मी घाईनं पाय उचलला की बाबांचा उजवा पाय फुटपाथवर दाबला जायचा. शपथेवर सांगते, मी थांबायचे. कापडाचं दुकान, चौक, सलून, एक वळण चुकलं नाही. दारात आल्यावर म्हणाले, "हँडब्रेक. गाडी न्यूट्रलला. उद्या याच वेळेला." आणि आत जाऊन खुर्चीत बसले. पाच मिनिटांनी मला विचारलं, न्हाणीघर कुठं आहे.

त्यांना स्वतःला कुठं जायचं ते कळत नाही. दुसऱ्याला कुठं न्यायचं ते मात्र कळतं! डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, शिकवणं हे त्यांच्यात फार खोल गेलेलं आहे. पण त्यावर विसंबू नका, किती दिवस टिकेल सांगता येत नाही. डॉक्टर लोकांना आनंद बघवत नाही.

आता आम्ही रोज संध्याकाळी जातो. मी आधी त्यांना लांब नेते आणि मग विचारते, "आता कुठं वळू?" ते मला घरी आणतात. मला काहीतरी नावानं हाक मारतात, ते सोड. संस्थेचा विषय संपला असं समज.

ताई


११ जुलै

ठोंब्या,

'काहीतरी नावानं म्हणजे कुठल्या नावानं?'

मी पानंच्या पानं लिहिली आणि तू तीन महिन्यांनी ही एक ओळ पाठवलीस. बरोब्बर जे मी झाकलं होतं तेवढंच तुला दिसलं. लहानपणीही लपाछपीत तू असाच होतास, शोधायला वेळ लावायचास पण सोडायचा नाहीस.

ठोंब्या म्हणतात.

बाकी सगळ्या शिकाऊंना ते साहेब, बाई, ताई, अहो-जाहो करायचे, हे तुला माहीत आहे. ठोंब्या जगात एकच होता. पहिल्या दिवशी मला 'निघालीस' म्हणाले होते, दुसऱ्या दिवसापासून 'निघालास' झालं. मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त केलं असतं तर ते थांबले असते, आणि थांबले असते तर घरी पोचलो नसतो. तेव्हा रोज संध्याकाळी मी तू असते. या वयात मुलगा होण्याची हौस मला नव्हती. एरवी घरात 'बाई' आणि रस्त्यावर 'ठोंब्या'. त्यांची मुलगी त्यांच्याकडं आता दिवसातून एखादवेळी येते, जेवताना.

तुला हे सांगायचं नव्हतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं मी इथं राहिले, औषधं मी देते, आणि वाट सापडते ती तुझ्या नावानं. थोडी असूया झाली असं लिहू? लिहिलं.

पण आता पुढचं ऐक. चौकात उजवं वळण येतं. तिथं ते रोज माझ्या कोपराला हात लावतात आणि म्हणतात, "डोळे उघडे ठेव रे. मी आहे ना ब्रेकवर. तू फक्त वळव." रोज. आणि वळून झालं की माझ्याकडं न बघता, दुकानांकडं बघत म्हणतात, "जमेल याला. पण अजून नाही. एकदा कागद हातात आला की हा एकटा जाणार, आणि शेजारी ब्रेकवर कोण बसणार? लोक हसले तर हसले."

आईला जन्मभरात जे उत्तर मिळालं नाही ते मला फुटपाथवर मिळालं. त्यांनी चारचौघांत तुझा पाणउतारा केला, तो केलाच. मी वकिली करत नाही. फक्त ऐकलेलं लिहिलं.

आता तू लगेच ये. त्याचं कारणही लिहिते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला घरी आणलं नाही. चौकातून सरळ नेलं, त्या जुन्या मैदानावर, जिथं परीक्षा व्हायच्या. आता तिथं गाड्या उभ्या करतात. कट्ट्यावर बसले, म्हणाले, "साहेब येतील आता. नंबर आपलाच आहे." काळोख पडेस्तोवर उठेनात. शेवटी मी म्हटलं, साहेब आज रजेवर आहेत. लगेच उठले, हे कारण त्यांना पूर्वीपासून पटत आलेलं आहे. त्यानंतर दोनदा तसंच झालं. डॉक्टर म्हणाले होते ते खरं होतंय, एकेक वळण गळत चाललंय.

तुझी वाट अजून त्यांच्या डोक्यात आहे तोवर एकदा त्यांच्या शेजारी चाल. मी तुझी नक्कल बरी करते, पण शेवटी नक्कल.

ताई


३० ऑगस्ट

ठोंब्या,

तू न सांगता गेलास. मी चहा घेऊन आले तर मागचं दार उघडं आणि तू नाहीस. वरच्या काकूंनी मात्र तुला जाताना बघितलं. "रुमाल डोळ्याला लावला होता हो," हे त्यांनी मला चार दिवसांत इतक्या वेळा सांगितलंय की रुमालाचा रंगसुद्धा पाठ झाला.

चिडले होते. आता नाही. तू आलास, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर अर्धे पांढरे केस, खांद्याला ती ऑफिसची बॅग. बाबा पायरीवर बसले होते. तुला बघून उठायला लागले तेव्हा मला वाटलं, ओळखलं. ते उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात जोडले.

"या साहेब! केव्हाची वाट बघतोय."

तू माझ्याकडं बघितलंस. मी काय करणार होते? बाबांनी माझा दंड धरला आणि मला तुझ्यापुढं उभं केलं.

"साहेब, हा माझा मुलगा. मागच्या वेळी मीच तुम्हाला नको म्हटलं होतं. या वेळी नाही म्हणत. भीती गेलीय त्याची. उजवीकडे छान वळवतो, डोळे उघडे ठेवून. मी रोज सराव करून घेतो त्याच्याकडून. पास करा, साहेब. तो घर सोडून जायचं म्हणतोय."

जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस स्वतःच्या पोरापुढं हात जोडून पोराचीच शिफारस करत होता. तू म्हणालास, "मी साहेब नाही." मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघून म्हणालास, "बघतो." आणि न्हाणीघरात गेलास. नळ किती वेळ चालू होता ते आम्ही दोघांनी ऐकलं. बाबा मला हळूच म्हणाले, "साहेब हात धुतायत. जेवायला थांबतील बहुतेक. चांगली खूण आहे."

तू गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"'बघतो' म्हणजे नापास. मी ओळखतो या लोकांना."

तेव्हापासून नीट जेवत नाहीत. फिरायला गेलो की दर वळणाला विचारतात, निकाल लागला का. रस्ता अजून सांगतात, पण मन लागत नाही त्यांचं. परवा चौकात माझा हात घट्ट धरून म्हणाले, "ठोंब्या, माझ्यामुळं गेलं रे तुझं." मी म्हटलं, "नाही हो बाबा." पण माझ्या 'नाही'ला काय किंमत? मी तर शिकाऊ.

फोन कर. तुला इथं यायला नको, कुणासमोर उभं राहायला नको. साहेबांच्या आवाजात एक शब्द बोल. तुझा फोन मी पहिल्या रिंगला उचलते, आपल्या दोघांत एवढाच काय तो फरक.

ताई


२४ सप्टेंबर

ठोंब्या,

तू फोन केलास त्या दिवसाबद्दल आधी लिहिते, कारण तुला फक्त ऐकू आलं, दिसलं नाही.

मी फोनचा आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला. तू खाकरून, अगदी सरकारी आवाजात म्हणालास, "मास्तर, तुमचा मुलगा पास झाला. गाडी उत्तम चालवतो." त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. "आभारी आहे साहेब, फार आभारी आहे," म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला. त्यानंतर तू 'बाबा' म्हणालास. ते त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं.

मग त्यांनी नवा शर्ट मागितला. न्हाव्याला हाक मारून सांगितलं, "पोरगा पास झाला माझा!" न्हाव्यानं गिऱ्हाईक तसंच फेसात सोडून रस्ता ओलांडला आणि त्यांचा हात हातात घेतला. वरच्या काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "अभिनंदन हो, उशिरा का होईना." दोन वेळा वाढून घेऊन जेवले. मी ताट उचलता उचलता रडले. खूप दिवसांनी चांगल्या कारणासाठी रडत होते, म्हणून डोळेही पुसले नाहीत.

संध्याकाळी नेहमीसारखे निघालो. कापडाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मी विचारलं, "आता कुठं वळू?"

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, अगदी मायेनं, ओळखीपाळखीच्या बाईकडं बघावं तसं. म्हणाले, "मला कशाला विचारता, बाई? माझं शिकवणं संपलं आता. शेवटचा विद्यार्थी पास झाला माझा."

मी पुन्हा विचारलं. आरसा बघितला, इशारा दिला, मुद्दाम घाईनं पाय उचलला. त्यांचा पाय दाबला गेला नाही. हात धरून आणलं त्यांना. वाटेत एकदाही त्यांनी रस्त्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर रोज करून बघितलं. संपलं ते. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या जाणारच होतं, त्या फोनचा काही संबंध नाही. असेल किंवा नसेल, मी डॉक्टरांशी वाद घातला नाही, तू माझ्याशी घालू नकोस. फोन कर म्हणून मीच लिहिलं होतं. आणि त्या दोन घासांसाठी, त्या न्हाव्याच्या हातातल्या हातासाठी, मी पुन्हा तेच लिहिलं असतं.

आता घरही त्यांच्या हातून गेलंय. खाटेवरून उठले की भिंतीशी थांबतात. रविवारी न्हाणीघराच्या वाटेवर पडले, मुका मार लागलाय, हाड शाबूत आहे. सांभाळणाऱ्या बाईंनी सांगून टाकलंय, यापुढं त्यांच्याच्यानं होणार नाही. माझी नोकरी सुटली तर औषधं कुठून आणायची? मी त्यांना इथून हलवणार नाही म्हणाले होते. ज्या घरासाठी म्हणाले होते ते घर त्यांना आता दिसतच नाही, मी एकटी त्यात त्यांना धरून ठेवलंय. तुझ्या त्या संस्थेत जागा बघ. फोटोतल्यासारखे हसले नाहीत तरी चालेल. तू जवळ आहेस, रोज जाशील, एवढं मला पुरे.

न्यायला तूच ये, आणि गाडी घेऊन ये. भाड्याची नको, ड्रायव्हर नको. दिवसभर ते पायरीवर बसून असतात. मी कामाला जाताना मला सांगतात, घरी आले की पुन्हा सांगतात, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मुलगा येतोय गाडी घेऊन. त्याला आता परवाना मिळालाय ना." तुला ओळखतील असं मी म्हणत नाही. पण गाडीची वाट ते बघतायत.

सकाळीच ये. दिवे लागले की मला त्यांना आत आणावं लागतं आणि ते येत नाहीत. काल हाताला धरून आणलं, कडी लावायला वळले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बाई, दार लावू नका. किल्ली नाहीये त्याच्याकडं."

ताई